खाजणाची वाट पोरांनाही दाखवा

दिवाळीची सुट्टी लागली की डहाणूपासून बोर्डीपर्यंतच्या किनाऱ्यावर बाहेरगावच्या गाड्यांची रांग लागते. मुंबईकडची माणसं येतात, सुरतेकडची येतात. सुरूच्या सावलीत चटया टाकतात, नारळपाणी पितात आणि सूर्य बुडाला की निघून जातात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांच्यामुळे नरपड-चिखल्यातल्या चार घरांत चार पैसे येतात. प्रश्न आपला आहे. कोसबाडच्या टेकडीवरून हवा स्वच्छ असली की समुद्राची रेघ दिसते. पण टेकडीच्या आसपासच्या पाड्यांतली किती पोरं ती रेघ जवळून बघून आली आहेत? तलासरीच्या आतल्या गावांत तर मी सातवीतली मुलं बघितलीत, ज्यांनी सुका बोंबील रोज खाल्लाय पण भरती-ओहोटी एकदाही पाहिलेली नाही. आणि समुद्राकाठचे आपले बागायतदार? त्यांची वाडी वाळूच्या टेकाडाला टेकलेली असते, पण ते टेकाड ओलांडून पलीकडे कुटुंबासह कधी गेलात असं विचारलं तर गणपती विसर्जनाची आठवण सांगतात.

म्हणून आज पिकावरचा रोग आणि फवारणी बाजूला ठेवून पायी चालण्याबद्दल लिहितो आहे. डोंगर चढायचं म्हटलं तर म्हातारी माणसं आणि लहान पोरं मागे राहतात. बारडावर बहरोटच्या गुंफांपर्यंत जायचं तर दम लागतो. किनाऱ्याचं तसं नाही. आजी, सून, कडेवरचं पोर, सगळे चालू शकतील अशी सपाट वाट आहे. फी नाही, तिकीट नाही. मात्र ही वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, हे आधी समजून घेतलं पाहिजे.

ते मला कसं समजलं तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी, माझी बायको, बहिणीची दोन मुलं आणि ओळखीची तीन कुटुंबं असे खाडीकाठी फिरायला निघालो. पौर्णिमेनंतरची प्रतिपदा होती. सकाळी साडेसहाला निघायचं ठरलं, टेम्पो यायला उशीर झाला आणि चिखलात पाय ठेवेपर्यंत साडेआठ वाजून गेले. समोर लांबवर ओली वाळू, पाणी कुठल्या कुठे. मी सरकारी टोपी घातलेली, पुढे. वाटेत एक नाळ लागली, घोट्याएवढ्या पाण्याची. ती ओलांडली आणि पोरांना खेकड्यांची बिळं दाखवत बसलो. समुद्राकडे माझी नजर होती. पाणी अजून दूर आहे हे मी दर पाच मिनिटांनी बघत होतो. तेवढ्यात कालवं काढणारी एक म्हातारी बाई लांबून ओरडली, "ओ भाऊ, समोर काय बघता, मागं बघा!" मागे ती घोट्याएवढी नाळ मांडीपर्यंत भरली होती. पाणी समोरून आलंच नव्हतं, खाडीच्या पोटातून मागून आलं होतं. पोरांना खांद्यावर घेऊन सगळे बाहेर आलो. गेल्या त्या फक्त चपला, पाच जोड. पण बहीण नंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही आणि तिचं बरोबर होतं.

यात समुद्राची काही लबाडी नव्हती. हिशोब माझा चुकला. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. दुपारी जी वेळ, साधारण तीच रात्री. त्यातून सव्वासहा तास मागे गेलात की ओहोटी. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा येतो. आपण मुंबईच्या उत्तरेला, खंबातच्या आखाताच्या तोंडाकडे, त्यामुळे मुंबईच्या वेळेपेक्षा थोडा उशीर धरायचा. नक्की वेळ हवी तर छापील तक्ता मिळतो, आणि त्याहून सोपं म्हणजे झाईच्या किंवा डहाणूच्या बंदरावर कुणाही मांगेला मच्छीमाराला विचारा, तो तोंडपाठ सांगेल.

दुसरी गोष्ट मला पुस्तकात नाही, त्या म्हातारीच्या ओरडण्यानंतर शोधून कळली. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांचा धरला तर पहिल्या तासात एकच भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे ओहोटी संपल्यावर पहिला तास माणूस निर्धास्त होतो, आणि नेमकं तो रमला की पाणी धावत येतं. आम्ही गेलो त्या दिवशी ओहोटी सातच्या सुमाराला संपली होती. साडेनऊला आम्ही तिसऱ्या तासात उभे होतो. त्यातून पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस म्हणजे भर उधाण. अष्टमीच्या भांगाला हेच पाणी निम्म्या जोराने आलं असतं.

कुटुंब घेऊन जायचं तर माझ्या मते द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सोयीचे. या दिवसांत ओहोटी सकाळी आठ-नवाच्या आसपास संपते. साडेसहाला उजाडताना निघा, पाणी तुमच्यापुढे मागे सरत जाईल, आणि ओहोटी संपायच्या वेळेला तुम्ही परतीला लागलेले असाल. पाणी चढायला लागल्यावर खाजणात पाय ठेवायचा नाही, मग समोर कितीही कोरडं दिसो. नाळ ओलांडण्याआधी एक काठी चिखलात रोवा, काठीला दोरा बांधा. दोरा भिजला की निघायचं. पायात नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट हवेत. चप्पल चिखल ओढून घेतो आणि अनवाणी पाय कालवाच्या धारेने फाटतो. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला, म्हणजे वाळूत लपलेलं पाकट आधीच सरकून जाईल. जाळ्यातून फेकलेला साप किंवा फुगा दिसला तर पोरांना हात लावू देऊ नका. जून ते सप्टेंबर हा विचारच नको. कार्तिक ते माघ हा हंगाम.

आता बघायचं काय? शहरातला माणूस वाळू म्हणजे वाळू समजतो. आपण शेतकरी, आपल्याला जमिनीची पोत कळते, म्हणून आपल्याला इथे जास्त दिसायला हवं.

भरतीच्या रेषेच्या वर पहिल्यांदा मर्यादवेल लागते, जांभळ्या फुलांची, दुभंगलेल्या पानाची. तिच्याबरोबर रावणाच्या मिशा, टोचणारं गवत. यांचं काम नीट बघा. वारा कोरडी वाळू उचलून आत आणतो. वेल आडवी आली की वाऱ्याचा जोर मोडतो आणि वाळू तिथेच पडते. वेल वाळूत पुरली जाते, वर येते, पुन्हा वाळू धरते. असं करत टेकाड उभं राहतं. कुणी मजूर लावलेला नाही, कुठलं अंदाजपत्रक नाही. त्यामागे केवडा, शिंदी, मग सुरू, मग वाडीचं कुंपण आणि चिकू. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे सत्कार झाले. सत्कारात त्या वेलीचं नाव कुणी घेतलं नाही. खारा वारा सरळ चिकूच्या मोहरावर आला तर काय होतं हे किनाऱ्याच्या पहिल्या ओळीतल्या बागायतदाराला विचारा.

आणि पाणी. टेकाडाच्या मागे गोड्या पाण्याच्या विहिरी का असतात, याचा विचार कधी केलात? पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. शास्त्राचा हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक मीटर उभं असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत ते खाऱ्याला दाबून ठेवतं. उलट बाजूने बघा: टेकाड खरवडून वाळू नेली, किंवा विहिरीला मोठा पंप लावून पाणी एक मीटर उतरवलं, की खारं पाणी खालून किती वर येईल? चार ब्रास वाळू विकणाऱ्याला चार ब्रासचे पैसे मिळतात, विहीर मात्र शेजाऱ्याची मचूळ होते. ही गोष्ट मी कचेरीत बसून दहा वेळा सांगितली, कुणाच्या डोक्यात शिरली नाही. टेकाडावर उभं करून, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला विहीर दाखवून सांगितली, तेव्हा एक बागायतदार म्हणाले, "साहेब, हे आधी का नाही सांगितलं?" मी गप्प राहिलो.

सुरूबद्दल थोडं वेगळं मत मांडतो, काहींना पटणार नाही. वाडीच्या बाजूला सुरूच्या ओळी चांगल्या, वारा अडवतात. पण पार भरतीच्या रेषेपर्यंत सुरू लावला की त्याच्या काड्यांच्या थराखाली मर्यादवेल मरते, आणि पुढचं तोंड उघडं पडतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावर सुरू पडले, चिकूच्या वाड्यांत जुनी झाडं उन्मळली. झाड पडतं, वेल पडत नाही. पुढची पट्टी वेलीला सोडा, मागची सुरूला.

टेकाडाकडून खाडीकडे वळलं की दुसरं जग. तिवराच्या झाडाखाली चिखलातून वर आलेल्या हजारो बोटांसारख्या मुळ्या. पोरं विचारतात, "हे काय उगवलंय?" त्या श्वास घेणाऱ्या मुळ्या. चिखलात हवा नसते म्हणून झाड नाक वर काढतं. तिवराचं पान पोरांना चाटायला सांगा. खारट लागतं, कारण झाड मुळातून आलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं, ऊन चढलं की त्याचे कण दिसतात. माझ्या भाच्याने एका सकाळी वीस पानं चाटली. शाळेत क्षार आणि खारभूमी हे शब्द पाठ करून जे डोक्यात गेलं नसतं ते जिभेवरून गेलं. शेजारी निवट्या उड्या मारत असतात, मासा असून चिखलावर चालणाऱ्या. एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी हलवून जणू बोलावतात. हिवाळ्यात तुतवार, चिखले, लांब पायांचे शेकाटे येतात. कोळंबीची आणि बोयांची पिल्लं याच तिवरात वाढतात. तिवर तोडला तर बाजारातली पाटी हलकी होते, हे मच्छीमार बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

खाजणाच्या आतल्या कडेला आपले बांध आणि उघाड्या. महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा आहे, पण बांध त्याच्याही आधीचे, बापजाद्यांचे. तिथे थांबून पोरांना सांगा की या मातीच्या भिंतीच्या अलीकडे भात आणि पलीकडे समुद्र. उघाडीचं दार ओहोटीला उघडतं, पावसाचं पाणी जातं. भरतीला आपोआप मिटतं. दारात फळकूट अडकलं की एका उधाणात शेत खारं होतं आणि दोन-तीन पावसाळे धुतल्याशिवाय सुधारत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ अशा क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, त्या लावाव्यातच. पण आधी उघाडी बघावी. पायी फिरणाऱ्या कुटुंबाला फुटका बांध पहिल्यांदा दिसतो. जीपमधून जाणाऱ्या आमच्यासारख्यांना फुटल्यावर दिसतो.

ही कल्पना माझी नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आणलं. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा पोरांच्या अंगणात न्या. गुरं चारायला जातात, तर शाळा कुरणात न्या. अनुताई वाघांनी ते काम १९९२ पर्यंत, शेवटपर्यंत केलं. विकतच्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, गोटे वापरून मोजणी शिकवली. ती टेकडी आपल्या तालुक्यात असताना आपल्या शाळांच्या सहली लांबच्या पाण्याच्या बागेत जातात, माणशी सातशे-आठशे रुपये भरून. ज्याच्या बापाकडे पैसे नाहीत ते पोर घरी राहतं. घोलवड स्टेशनावरून किनारा चालत जाण्याएवढा आहे, आणि तलासरीच्या पोरांना समुद्र झाईला भेटतो, त्यांच्याच तालुक्यात.

आता ग्रामपंचायतींना थोडं. टेकाड आणि तिवर दोन्ही किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत सर्वांत कडक वर्गात येतात. तिवर तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. कागद भरपूर आहेत. पण पुळणीवर चारचाकी गोल गोल फिरवणाऱ्या पोराला कागद दिसत नाही. त्याला आडवा लाकडाचा ओंडका दिसतो. तेव्हा पुळणीवर उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी ओंडके टाका, बैलगाडी आणि होडीपुरती वाट ठेवा, आणि टेकाड ओलांडायला एकच पायवाट आखा. दहा माणसं दहा वाटांनी टेकाड चढली की दहा ठिकाणी वेल तुटते, वारा त्या खिंडीत शिरतो आणि एका पावसाळ्यात खिंडीचं दार होतं. ताडाच्या फळ्या टाकून केलेली एक वाट गावाला फार महाग पडत नाही. पंचायतीच्या फळ्यावर रेशनच्या तारखेशेजारी भरतीची वेळ रोज खडूने लिहा. ग्रामसेवकाला वेळ नसेल तर शाळेतली पोरं लिहितील.

राज्याचं कृषी पर्यटनाचं धोरण २०२० मध्ये आलं. वाडीवर खोल्या बांधण्यापलीकडे त्याचा उपयोग आपण केला नाही. खाजणात वाट दाखवायला ज्याला भरती कळते तोच माणूस लागतो, आणि तो मांगेला, माच्छी, मल्हार कोळी नाहीतर वारली घरातलाच असणार. पाहुण्याने त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी असा ठराव ग्रामसभेने करावा. ती म्हातारी त्या दिवशी नसती तर आमचं काय झालं असतं? आम्ही तिला पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. कालवं मात्र विकत दिली, बाजारभावाने.

आणि एक काम असं आहे जे याच वर्षी सुरू व्हायला हवं. वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. समुद्रात भराव घालून सुमारे १४४८ हेक्टर जागा करायची आहे. बंदर हवं की नको यावर आपल्या किनाऱ्यावर मोर्चेही निघाले आणि स्वागतही झालं. मी पंचायत समितीचा नोकर, त्यात पडत नाही. पण वाळू एका जागी बसत नाही, लाटांबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत असते, आणि समुद्रात मोठं बांधकाम उभं राहिलं की कुठे वाळू साठते, कुठे निघून जाते, हे जगभरच्या बंदरांनी बघितलं आहे. आपल्याकडे काय होईल ते होवो. दहा वर्षांनी चिखल्याचा बागायतदार म्हणेल माझी जमीन गेली, आणि समोरचा अधिकारी म्हणेल पुरावा दाखवा. तेव्हा काय दाखवणार? फोटो शहरातल्या पाहुण्यांकडे आहेत, त्यात माणसं पुढे आणि किनारा मागे धूसर.

म्हणून फिरायला जाल तेव्हा एक सुतळी न्या. वाडीच्या कडेचा एखादा पक्का ताड किंवा विहिरीचा कठडा धरा, तिथून भरतीने टाकलेल्या कचऱ्याच्या रेषेपर्यंत मोजा. दरवर्षी माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आणि पाऊस संपल्यावर कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. एका टोकाला आजोबा, दुसऱ्या टोकाला नातू. आकडा, तारीख, ताडाची खूण हे सगळं गावाच्या जैवविविधता नोंदवहीत लिहा. २००२ च्या कायद्यापासून प्रत्येक ग्रामपंचायतीला ही वही ठेवायची आहे. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात कोरी आहे. सरपंच आणि ग्रामसेवकांनी त्या दिवशी खाली सही करावी, शिक्का मारावा.

मी गेल्या कार्तिकात बहिणीच्या पोरांना घेऊन पहिली सुतळी धरली. या वेळी बहीणही आली, हातात पंचांग घेऊन. ताडापासून रेषेपर्यंत एकसष्ट पावलं भरली, धाकट्याच्या मते सदुसष्ट, कारण त्याची पावलं लहान. वहीत दोन्ही लिहिली आहेत. माघीला मीटरचा टेप नेणार आहे.